भराव टाकला तर पाणी जातं कुठे?

आमच्या सोसायटीची जनरल बॉडी म्हणजे एरवी अर्धा तास लिफ्टच्या एएमसीवर आणि उरलेला दीड तास कुणाच्या कुत्र्याने जिन्यात काय केलं यावर जातो. यावेळी मात्र अजेंड्यावर पहिलाच विषय पार्किंगचा होता. आम्ही सिंहगड रोडच्या बाजूला, मुठेपासून चालत सात-आठ मिनिटांवर. जुलै २०२४ मध्ये खालच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी आलं, गाड्या गेल्या, लिफ्टचं पॅनल गेलं, वॉचमनचा सगळा संसार गेला (त्याचा विषय मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी निघाला, पण ते जाऊ दे). तर प्रस्ताव असा की पार्किंगला चारही बाजूंनी साडेतीन फुटी आरसीसी भिंत घालायची, गेटला लोखंडी फळी बसवायची आणि मागचा खोलगट भाग मुरूम टाकून वर उचलून घ्यायचा. कोटेशनपण आलं होतं. मी एवढंच विचारलं की हे आत येणारं पाणी मग जाणार कुठे? दोन सेकंद शांतता, आणि मागून आवाज आला, "जाईल की शेजारी."

सगळे हसले, मीपण हसलो. आता जे लिहितोय ते सगळं त्या "जाईल की शेजारी"बद्दलच आहे.

शाळेत भूगोलात पूरमैदान शिकलो होतो, व्याख्या लिहा, दोन मार्क. नदी पुरात काठ सोडून पसरते, गाळ टाकते, त्यातून तयार होणारी सपाट सुपीक जमीन. कृष्णाकाठी याच जमिनीला मळी म्हणतात आणि शेतकरी तिचा भाव बरोबर जाणतो. पण त्या व्याख्येमुळे आपल्या डोक्यात बसलं की नदी वेगळी आणि ही तिच्या शेजारची जमीन वेगळी. तसं नाहीये. ती नदीच आहे, फक्त वर्षातले बरेच दिवस नदी ती वापरत नाही. पालखी पुण्यात दोन दिवस असते म्हणून बाकीचे दिवस लक्ष्मी रोडच्या मधोमध कुणी घर बांधून बसत नाही ना, तसंच.

आणि ही जागा काम काय करते? एक तर पाणी सामावून घेते. पाणी आडवं पसरलं की खोली कमी होते, गवत, झुडपं, वाळुंज यांच्यात अडखळत त्याचा वेग मोडतो, म्हणून खालच्या गावाला पुराचा माथा उशिरा पोचतो आणि बुटका पोचतो. थोडं जमिनीत मुरतं, गाळ मागे राहतो. आता यातली दहा गुंठे जागा घ्या आणि दोन मीटर भराव टाका. हिशोब सोपा आहे, गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे साधारण दोन हजार घनमीटर, म्हणजे वीस लाख लिटर. पुणेकराला लिटर कळत नाहीत, टँकर कळतात, तर दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. तुमच्या दहा गुंठ्यांत जे दोनशे टँकर उभे राहिले असते ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभे राहणार. वर नदी चिंचोळी केली की वरच्या अंगाला फुगवटा चढतो आणि अरुंद जागेतून पाणी जास्त जोरात खाली सुटतं, तो बोनस.

पुण्यात आपण पूर मोजतो तो भिडे पुलावर. पूल पाण्याखाली गेला की फोटो, मग स्टेटस, मग चहा. त्यामागचं गणित कुणी बघत नाही. खडकवासल्यात जेमतेम दोन टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) मावतं आणि त्याच्या डोक्यावर पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून सत्तावीस टीएमसी, त्यामुळे वरची धरणं भरत आली आणि घाटात पाऊस कोसळला की खडकवासला फार वेळ धरून ठेवूच शकत नाही, सोडावंच लागतं. २५ जुलै २०२४ ला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला होता. म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. परत टँकरमध्ये सांगायचं तर सेकंदाला शंभर टँकर. एकता नगरीत लष्कर बोलवावं लागलं, पुलाच्या वाडीत तीन जण विजेच्या धक्क्याने गेले. मग वाद झाला तो कधी कळवलं, किती वाजता कळवलं यावर. तो वाद खोटा नाही, कळवायलाच पाहिजे. पण ती वस्ती तिथे आली कशी, परवानगी कुणी दिली, हे कुणी जोरात विचारलं नाही, कारण ते विचारलं की बोट अर्ध्या शहराकडे जातं. ते बोट परत आपल्याकडेच वळतं.

आपल्याकडे निळी रेषा आणि लाल रेषा असते. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लालच्या मध्ये नियंत्रित, तिथे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्या अशी अट. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. पण जोतं वर घ्या म्हटल्यावर बिल्डर काय करतो? खांबांवर उचलतो तेव्हा ठीक, खालून पाणी जायला वाट राहते. पण बरेचदा आजूबाजूचा सगळा प्लॉटच मुरूम-डबर टाकून उचलतात. म्हणजे नियमाने तुमचं घर वाचवलं आणि पाण्याची जागा खाल्ली, दोन्ही एकाच कागदावर. माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. आपले नियम 'तुम्ही बुडाल का' एवढंच विचारतात, 'तुमच्यामुळे कोण बुडेल' हे विचारतच नाहीत.

गंमत म्हणजे आमचं स्टिल्ट पार्किंग हेच मुळात आमच्या वाट्याचं पूरमैदान आहे. बाराशे चौरस मीटर, मीटरभर पाणी धरलं तर एकशेवीस टँकर. बांधणाऱ्याने हा विचार करून केलं असेल असं अजिबात नाही, पण काम तर ते तेच करत होतं.

आता कोकणाकडे येतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात पार्किंगवरून नाही, माझ्या मेव्हण्याच्या प्लॉटवरून सुरू झाला. पुण्यात चाळिशी ओलांडली, एक फ्लॅट फिटला, की माणसाला कोकणात प्लॉट दिसायला लागतो. मेव्हण्याला दिसला दापोली तालुक्यात, खाडीला लागून, वीस गुंठे. "भावोजी, चला फक्त बघायला." मे महिना, ओहोटीची वेळ. एजंट बूट घालून आला होता, मी चप्पल, त्यामुळे चिखलात कुणाची फजिती झाली ते सांगायला नको. जमीन वरून वाळलेली, पांढऱ्या मिठाची पापुद्री आलेली, पाय टाकला की खाली काळा लोण्यासारखा चिखल आणि उकडलेल्या अंड्यासारखा वास. खेकड्यांची बिळं, निवट्या (चिखलातले मासे) पोटावर सरपटत उड्या मारतायत, कडेला तिवराची झाडं आणि त्यांच्याभोवती जमिनीतून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली मुळं. एजंट म्हणाला, साहेब, ही झुडपं साफ होतील, तीन फूट लाल माती टाकली की टकाटक, सीआरझेडचं टेन्शन नाही, आता पन्नास मीटरच राहिलंय. (सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी दोनशेचे पन्नास झाले हे खरं, पण एजंट मंडळी तो पन्नास कुठेही लावतात, आणि कांदळवन, म्हणजे या तिवरांचं जंगल, तर सगळ्यात कडक वर्गात येतं, त्याला हात लावता येत नाही.) बांधावर एक म्हातारे गृहस्थ गुरं घेऊन उभे होते, सगळं ऐकत होते. जाताना मेव्हण्याला म्हणाले, "पाव्हणे, आवसेला या नि मग बघा."

आवसेला काय होतं? उधाण. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सगळ्यात वर चढते आणि ते वीस गुंठे पाण्याखाली जातात. ते खाजण आहे. नदीला जसं पूरमैदान तसं खाडीला खाजण, फक्त इथे पाणी दोन्हीकडून येतं, डोंगरावरून पावसाचं आणि समुद्रावरून भरतीचं. कोकणातल्या नद्या आखूड, सह्याद्रीवरून उडी मारतात आणि बऱ्याचशा शंभरेक किलोमीटरच्या आत खाडीला मिळतात, वेळच नसतो. वरून लोंढा आणि खालून उधाण एकाच तासाला भेटले की पाण्याला आडवं पसरण्याशिवाय मार्ग नसतो, आणि आडवी जागा म्हणजे हे खाजण. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीने काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. एसटीचे आगारप्रमुख आगारातली रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास बसून होते, तो प्रसंग मी विसरत नाही. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस, तो सावित्रीने खाली महाडला आणला. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, समोर भरती, आणि मध्ये मिठी नदी, जिच्या खाजणावर आपण बीकेसी उभं केलंय. एवढा पाऊस कुठेही पडला तर पूर येणारच, मान्य. प्रश्न किती फूट आणि किती तास याचा आहे, आणि त्याचं उत्तर बरचसं आडव्या जागेवर ठरतं.

वादळात खाजण काय करतं हे थोडं नीट सांगतो, कारण यात दोन्ही बाजूंनी फेकाफेकी चालते. वादळ किनाऱ्याकडे येताना वारा समुद्राचं पाणी पुढे ढकलत आणतो, समुद्र फुगतो, आणि त्या फुगलेल्या पाण्यावर परत लाटा स्वार असतात. लाटांचं कांदळवनापुढे फार चालत नाही, मुळं आणि खोडं यांच्या जंजाळात शंभर मीटरमध्येच त्यांची उंची चांगली खाली येते. पण फुगलेलं पाणी वेगळं प्रकरण आहे, ते किलोमीटरमागे काही सेंटीमीटर ते फार तर अर्धा मीटर उतरतं, म्हणजे त्यासाठी रुंद पट्टा लागतो, बंगल्यासमोर दोन ओळी तिवर लावून फोटो काढणाऱ्यांसाठी ते नाही. आणि वारा? वारा कांदळवन थांबवत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, थेट पुण्यापर्यंत झाडं पडली. कांदळवन होतं म्हणून पत्रे राहिले नसते. त्यामुळे कांदळवन म्हणजे जादूची भिंत असं जे सांगतात त्यांनी थोडं दमाने घ्यावं.

पण जे होतं तेसुद्धा थोडं नाही. ओडिशात १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या शेकडो गावांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिसलं की ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता तिथे मृत्यू कमी. आणि आपला अरबी समुद्र आता पूर्वीसारखा गरीब राहिलेला नाही. आपल्याच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलंय की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. अजून एक गोष्ट सिमेंटची भिंत कधीच करू शकत नाही. खाजण स्वतः वाढतं. भरतीबरोबर आलेला गाळ मुळांत अडकतो, थरावर थर बसतो, आणि समुद्र हळूहळू वर चढला तर खाजणही त्याच्याबरोबर वर चढायचा प्रयत्न करतं. अट एवढीच की नदीतून गाळ यायला हवा आणि मागे सरकायला जागा हवी. मागे जर मेव्हण्याचं कंपाउंड असेल तर संपलं.

आता कुणी म्हणेल की कोकणातली माणसं शेकडो वर्षं समुद्र अडवतच आली आहेत, तुम्ही पुण्यात बसून काय शिकवता. बरोबर आहे, आणि मला हा मुद्दा फार आवडतो. अलिबाग-पेणच्या खारेपाटात बांध घालून खारी जमीन भाताखाली आणली, त्याला खारबंदिस्ती म्हणतात. पण तो बांध कसा होता बघा. त्यात उघाडी असते, लाकडी झडप, भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ती आपोआप बंद होते आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ढकलून उघडते. आत काय, तर भात, तोही खारं सोसणारा, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने तर त्यासाठी मुद्दाम वाण काढले. मोठ्या उधाणात बांधाला खांड गेली तर शेत बुडायचं, एक-दोन हंगाम वाया, मग गाव मिळून परत बांध घालायचा. म्हणजे तिथे पाणी येणार हे धरून चाललेलं होतं, बुडालं तर भात बुडेल, माणूस नाही. आता त्याच बांधाच्या आत लाल मातीचा भराव, त्यावर व्हिला, व्हिलात इन्व्हर्टर आणि खाली गाडी. बांध तोच, पण बुडण्याची किंमत शंभर पट. आणि खारेपाटातल्या शेतकऱ्यांची एक रास्त तक्रार आहे, ती इथे दाबून ठेवणं बरोबर नाही, की बांध वेळेत दुरुस्त झाले नाहीत, खांडीतून पाणी आत आलं, शेतात कांदळवन उगवलं, आणि आता स्वतःच्याच सातबाऱ्याच्या जमिनीत फांदी तोडली तर गुन्हा. कांदळवन वाचवायचं तर त्याचं भाडं या माणसाला मिळायला पाहिजे, त्याच्या एकट्याच्या डोक्यावर सगळ्या किनाऱ्याचं संरक्षण टाकून चालणार नाही.

भिंतीवाल्यांना एकच उदाहरण सांगतो. अमेरिकेत लुइझियानामध्ये मिसिसिपी नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातले, त्यामुळे तिचा गाळ दलदलीत पसरायचा बंद झाला, त्यात तेलासाठी कालवे खणले, जमीन खचत गेली, आणि १९३२ पासून सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर खाजण समुद्रात गेलं, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा जवळपास तिसरा हिस्सा. २००५ मध्ये कतरीना वादळ आलं, भिंती फुटल्या, न्यू ऑर्लिन्सचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली. आणि ज्यांना जगात भिंतींचे बादशहा म्हणतात ते डच? १९९५ मध्ये नद्या फुगल्या, अडीच लाख माणसं हलवावी लागली, तेव्हा त्यांनी बांध आणखी उंच करण्याऐवजी मागे घ्यायला सुरुवात केली, तिसाहून जास्त ठिकाणी. नाइमेखेन शहरासमोर बांध साडेतीनशे मीटर मागे नेला, त्यासाठी पन्नासेक घरं काढली. एका ठिकाणी शेतकऱ्यांचे गोठे आणि घरं मातीच्या उंचवट्यांवर नेली आणि मधली सगळी जमीन पुराला मोकळी सोडली. पूर्ण प्लॉट भरणं आणि फक्त घराखालची जागा उचलणं, यात केवढा फरक आहे! आणि आपण इकडे मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावर सुशोभीकरण करणार, वर जॉगिंग ट्रॅक. ट्रॅकला माझा विरोध नाही, माझे गुडघेही म्हणतात चाल. पण नदीकडून एक मीटरही न घेता करून दाखवा, एवढंच.

मला काय हवंय ते सांगतो, फार मोठं नाहीये. निळी रेषा, लाल रेषा आणि खाडीकाठची भरतीरेषा सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवा. आज ती कुठेतरी नकाशात, डीपीच्या (विकास आराखड्याच्या) शीटवर, झोन दाखल्यात असते, आणि घेणारा माणूस बघतो फक्त सातबारा आणि इंडेक्स टू. कर्जाचा बोजा जसा दिसतो तसा पाण्याचा बोजा दिसला पाहिजे, मग बघू बँक लोन कशी देते. दुसरं, या पट्ट्यात भरावालाच बंदी, उचलायचं तर खांबांवर. तिसरं जरा अवघड आहे. काठावरून कुणाला हलवायची वेळ आली की आपण पहिलं पुलाच्या वाडीकडे बघतो, कारण तिथली माणसं गरीब आहेत आणि आवाज लहान आहे. पण वाडीतल्या पत्र्याच्या खोलीने नदीची किती जागा घेतली आणि भराव टाकून उभ्या केलेल्या लॉन्सनी, पार्किंगांनी, टॉवरनी किती, हे एकदा टँकरमध्ये मोजा आणि मोठ्यापासून सुरुवात करा.

मेव्हणा आवसेला गेला नाही. त्याला वेळ नव्हता म्हणे. टोकन मात्र देऊन बसलाय, आणि परवा व्हॉट्सअपवर डंपरचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, "भावोजी, आता निवांत." त्या फोटोत मागे एक हिरवी भाताची पट्टी दिसते, बहुतेक त्या म्हाताऱ्या गृहस्थांचीच असावी.

आणि आमच्या भिंतीचा ठराव मंजूर झाला. विरोधात दोन मतं. त्यातलं एकही माझं नव्हतं. माझी ॲक्टिव्हा त्याच पार्किंगमध्ये उभी असते, गेल्या वेळी तिच्यावर अकरा हजार खर्च झाला, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा मी मोबाईलमध्ये बघत बसलो. कालपासून काम सुरू झालंय. सकाळी दूध आणायला खाली गेलो तर आमचाच कॉन्ट्रॅक्टर शेजारच्या सोसायटीच्या गेटवर टेप धरून माप घेत होता. त्यांची चार फुटी आहे म्हणे.